चाकाखालचं लिंबू

आमच्या ह्यांच्या छोट्या आगगाडीला खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नाही. ती म्हणे खऱ्या गाडीच्या बरोब्बर चौसष्टाव्या भागाइतकी आहे. हे माप फारसं कोणी वापरत नाही. त्यामुळे मेली वाफेची जुनी इंजिनं मिळतात, पण कल्याणच्या पुलावरून दिसतं तसं हल्लीचं विजेवरचं इंजिन काही केल्या मिळेना. अखेर ते खोपटच्या एका हौशी माणसाकडे सापडलं. ह्यांनी ते तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन डोंबिवलीपर्यंत आणलं. मी हळदकुंकवाचं तबक घेऊन तयारच होते. आमच्या घरात नवं वाहन लिंबू चिरडल्याशिवाय हलत नाही. नातीच्या सायकलीखालीसुद्धा चिरडलंय. मी चाकापुढे लिंबू ठेवलं, तशी ह्यांनी किंकाळीच फोडली. "अगं, माझ्या मापात हे अडीच मीटरचं लिंबू झालं! इंजिन आपटेल ना!" मी म्हटलं, "मग चालवा तसंच. घसरलं तर मला सांगायला येऊ नका." ह्यांचा अंगठा बटणावरच थांबला. मी तणतणत स्वयंपाकघरात गेले आणि मिसळणाच्या डब्यातून मोहरीचा एक दाणा आणून रुळावर ठेवला. "घ्या, तुमच्या मापातलं लिंबू." ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दाण्याला फुटपट्टी लावली आणि मनाशी हिशेब केला. मला वाटलं, आता तबकासकट हाकलतात मला. पण ते गंभीरपणे म्हणाले, "अगं, हा तर नारळ झाला. तो इंजिनासमोर फोडू. लिंबासाठी खसखस आण."