माळ्यावरचा साठा

चीनहून येणारे मॅग्नेट अडकले आणि अंबडच्या मोटर कारखान्यात खरेदी सांभाळणाऱ्या गोरक्षची झोप उडाली. आता दुसरीकडे माल कुठे मिळेल आणि त्याचा भरवसा किती, हे त्याला शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सांगायचं होतं. ऑफिसातल्या हर्षालीने तोडगा काढला. "सर, जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये याच जातीचे मॅग्नेट असतात. घरोघरी पडून आहेत. लोकांकडून गोळा करू या."

गोरक्षचा जीव भांड्यात पडला. सुरुवात आपल्याच घरापासून करावी म्हणून त्याने संध्याकाळी माळ्यावरून लेकीचा, आरोहीचा कॉम्प्युटर खाली काढला. आरोही तापाने गेली, तेव्हापासून तो तिथेच होता. स्क्रू काढण्याआधी, सहज, त्याने वायर लावून बटण दाबलं. स्क्रीन काळीच राहिली, पण आतून ती ओळखीची घरघर सुरू झाली.

स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा, राखीचा आवाज आला, "आरू, पुरे गं आता तो अभ्यास. पोळी गार होतेय."

मग लाटण्याचा आवाज एकदम थांबला.

गोरक्षने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. कॉम्प्युटर मात्र बराच वेळ बंद केला नाही.

शुक्रवारी त्याचा अहवाल वाचून साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, घरोघरी धूळ खात पडलेला माल हा! आणि तुम्ही त्याला बेभरवशाचा म्हणता?"

"धूळ खात पडलाय, साहेब," गोरक्ष म्हणाला. "टाकून दिलेला नाही."