गच्चीवरच्या उन्हाचा हक्क

निवृत्त शिक्षिका विजयालक्ष्मी देवस्थळींनी गच्चीवर सोलर पॅनल बसवले, तर दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्यांच्या सोसायटीने ते काढून टाका म्हणून नोटीस पाठवली. प्रकरण कोर्टात गेलं. त्यांची वकील स्वरूपा हिने तिथे एक लेख वाचून दाखवला. 'गच्चीवरच्या उन्हावर प्रत्येक रहिवाशाचा हक्क आहे' असं सांगणारा तो लेख दिल्लीतल्या वकिलांच्या हरित ऊर्जा ग्रुपवर चांगलाच गाजला होता.

सोसायटीचे वकील अंशुमन प्रधान ताडकन उठले. "सर, असलं लिहिणाऱ्याला सोसायटी कशी चालते ते बिल्कुल ठाऊक नसतं!"

न्यायाधीशांनी लेखाचा कागद मागून घेतला. "प्रधानसाहेब, खाली नाव तर तुमचंच आहे."

"नाव माझंच आहे सर, पण लेख माझ्या ज्युनिअरने लिहिलाय, मी तो आज पहिल्यांदाच ऐकतोय."