बोटीचं पोट

बोट क्रेनला लटकली होती आणि प्राध्यापक तिच्या पोटाखाली मान वर करून उभे होते. बोटीत विसरलेला चष्मा घ्यायला म्हणून ते आले होते. चष्मा सापडला, डोळ्यांवर चढला, आणि तिथंच घात झाला.

तळाला पांढरी जाळी चिकटली होती. एखाद्या बाईनं वर्षभर बसून विणावी इतकी नाजूक. राईहून बारीक खण, आणि खणाखणात एकेक जीव.

"काय नक्षी आहे ना, सर!" रंगारी म्हणाला. "दरवर्षी खरवडतो, दरवर्षी हजर. घरजावईच म्हणा ना!"

"दरवर्षी?"

"बोट घेतल्यापासून. तुम्ही कधी खाली वाकून बघितलंच नाहीत."

या जाळीपायी प्राध्यापकांनी अख्खी हयात घातली होती. ती कुठं राहते, कुठं नाही, एवढाच ध्यास. खडकावर, शिंपल्यावर, धक्क्याच्या खांबांवर ती बसते, आणि समुद्री शेवाळाच्या पात्यावर बसली की पातं काचेसारखं तडकतं. दोरांवर वाढवलेल्या शेवाळाची शेतंच्या शेतं लाटेबरोबर वाहून जातात. म्हणून ते याच बोटीनं खाडी न् खाडी फिरले. पहिल्या खेपेला पाणी स्वच्छ, दुसऱ्या खेपेला जाळी. जिथं जावं तिथं हेच. मग ते नकाशावर लाल ठिपका देत आणि मोठ्या मालवाहू जहाजांच्या नावानं बोटं मोडत.

तो नकाशा आता त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. ठिपक्याला ठिपका जोडत गेलं, तर वाट त्यांच्याच बोटीची होती.

देवा! वैद्यच घरोघर रोग वाटत हिंडला की.

ते रंगाच्या डब्यावर बसले. त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला. तिचं शेवाळाचं शेत गेल्या वर्षी या जाळीनं खाल्लं होतं. यंदा तिनं नवऱ्याबरोबर नव्या खाडीत दोर बांधले होते. तिथं परवा प्राध्यापक पहिल्यांदाच जाणार होते, बोट घेऊन.

"दादा! शंभर वर्षं आयुष्य आहे बघ तुला," बहीण म्हणाली. मागं पाणी चुबुकचुबुक वाजत होतं. "आत्ताच यांना म्हणत होते, दादा बघून गेला की मला झोप लागेल. पाती कशी तकतकीत आलीत! एक डाग नाही."

"ऐक जरा. तुझं जुनं शेत..."

"गेलं ते गेलं रे. तू देवासारखा धावून आलास, म्हणून काय लागलंय ते कळलं तरी."

"त्याआधीही मी येऊन गेलो होतो, म्हणूनच लागलं. जाळी माझ्या बोटीच्या तळाला आहे. पहिल्यापासून. तुझं शेत मी बुडवलं."

पलीकडं हातातला दोर पाण्यात पडल्याचा आवाज आला.

"बोट कुठाय आत्ता?" आवाज बहिणीचाच होता, पण ओळखू येईना.

"वर. क्रेनला."

"तिथंच राहू दे तिला."

मग नाक ओढत ती म्हणाली, "आणि तू बसनं ये."