बॅटरीला ऊब

तोरणमाळच्या थंडीत मंदा सिस्टर सकाळी घरात शिरल्या, तेव्हा बाळंतीण झिलीनं गोधडीत काहीतरी छातीशी धरलं होतं.

"बाळ दाखव."

झिलीनं गोधडी उघडली. आत बॅटरी होती. ही नवी बॅटरी फुटली तरी पेटत नाही, पण गारठली की दम सोडते. तिची वायर, बाळाला ऊब मिळावी म्हणून ज्यात ठेवलं होतं, त्या गरम पेटीला गेली होती.

"रात्रभर कूस नाही बदलली, सिस्टर. तुम्हीच सांगितलेलं, तिला अंगाची ऊब द्या."

पेटी जेमतेम कोमट होती. बाळाचे पाय बर्फासारखे लागले.

सिस्टर हादरल्या. बाळच छातीशी धरलं तर पेटी लागत नाही, एवढंच सांगायचं राहिलं होतं. त्यांनी बाळ उचलून झिलीच्या छातीवर ठेवलं. ते बारीक कण्हलं.

"पण बॅटरी गार पडेल ना," म्हणत झिली दुसऱ्या हातानं बॅटरी ओढायला लागली.