पिंजलेलं टोक

"तांडेलकाका, अजून हळू," समुद्रजीवांची मोजणी करणारी केतकी म्हणाली. होडीमागे दोराने ओढलेला कॅमेरा तळाजवळून तरंगत होता. सावळाराम तांडेल पडद्यावरच्या निळ्या उजेडाकडे बघतच राहिला. चाळीस वर्षं मासे मारले, पण त्यांना असं आपापल्या घरात रमलेलं आजच पाहिलं.

मग एका खडकाला गुरफटलेलं जाळं दिसलं. त्याच्या भोकांतून इवली पिल्लं शिवाशिवी खेळत होती. गाठी तांडेलाच्याच डावखुऱ्या हाताच्या होत्या. जाळ्याच्या दोराचं टोक मात्र पिंजून तुटलं होतं. सुरीने कापलेलं नव्हतं.

हे जाळं धाकट्या भावाने कापलं म्हणत त्याने बारा वर्षं अबोला धरला होता.

"हा खडक नकाशात नाही," केतकी म्हणाली. "नाव काय लिहू?"

"थांब गो बाय. भावाक इचारून सांगतंय."