अल्लीपूरची गाडी

"मधूले एकटं सोडजो नको." जाण्याआधी रूपराव आपल्या बायकोशी एवढंच बोलले. जयवंतानं मान हलवली होती.

आता त्यांची तेरवी उद्यावर आली होती. सुतकात देवाला हात लावायचा नाही, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून मनातच जप करत बसली होती. एवढ्यात गावातला पक्षाचा कार्यकर्ता कृष्णकांत ओसरीवर आला. समाचाराला आला आणि बोलता बोलता प्रचारालाच लागला. आणीबाणी सैल झाली होती, निवडणूक लागली होती.

"यंदा सारं मोकळं होईल, वहिनी. ज्याला जसं जगायचं, तसं जगेल."

"मनातल्या माणसासंगं लगन करता येईन?" जयवंतानं हळूच विचारलं.

कृष्णकांत चपापला. "विधवेनं लग्न करायला कायद्याची आडकाठी आजही नाही."

"तेवढंच?"

"अजून काय पाहिजे?"

ती पुन्हा भिंतीकडे वळली. विचारून काय होणार होतं?

थोरली जाऊ देवकाबाई दाराआडून ऐकत होती. कृष्णकांत उठून जाताच ती बाहेर आली. "राख थंडी नाई झाली अन् तुले लगन सुचून राह्यलं?"

गाव तर कधीचंच बोलत होतं. मधू अल्लीपूरचा मास्तर, बिनलग्नाचा. दर शनिवारी समुद्रपूरला येई, रूपरावांकडे मुक्काम करी. वहिनीसाठीच येतो, असं लोक म्हणत. जयवंतानं ते कधी खोडलं नाही. मसणात मधू सगळ्यांच्या मागं उभा राहिला, आणि घरी पाणीही न घेता परतला.

तिनं कोपऱ्यातलं गाठोडं उचललं. देवकाबाईनं ते ओढून सोडलं. आत कोरं धोतर अन् टोपी.

"नवरदेवाचा आहेर व्हय का? सुतकात उंबरा ओलांडला त वापस येजो नको, सांगून ठेवतो."

"दुखवटा आहे, बाई." जयवंता पुन्हा गाठ मारू लागली. "आपल्या घरी सोयऱ्याईनं कपडे आणले, जेवणं आणली. मधूच्या घरी कोणीच गेलं नाई."

"त्याले कायचा दुखवटा? तो का रूपरावाची बायको होता?"

"हो, बाई," जयवंता म्हणाली, आणि गाठोडं काखेत घेऊन एसटीच्या वाटेला लागली.