सदतीस नंबरची शिकवणी

"मावशी, तुमचे कामगार नुसते उभे आहेत."

सदतीस नंबरच्या खुर्चीवरचा मुलगा मान न वळवता म्हणाला. ग्वी-नामने घाईघाईने चष्मा वर सारला. पडद्यावर तिची चार इवली माणसं खाणीपाशी ताटकळत होती, आणि त्यांना कामाला कसं लावायचं हे ती पुन्हा विसरली होती.

"दमली असतील रे," ती म्हणाली.

"ती दमत नाहीत. तुम्ही विसरता. एकावर टिचकी मारा, मग खाणीवर मारा. हां. आता घर बांधा. घर नसेल तर नवे सैनिक मिळायचे नाहीत."

कोरियातल्या बुचॉन शहरात, बाजारामागे ह्वांगचं पीसी-बांग होतं. ओळीने मांडलेले संगणक, समोर बसून तासाच्या भाड्याने लढाया करणारी पोरं आणि सगळीकडे नूडल्सचा वास. तिथे ग्वी-नाम रोज दुपारी दोन बस बदलून येई. साठी उलटलेली बाई, खांद्याला डब्याची पिशवी, आणि शिकायला घेतलेला खेळ असा की पट्टीच्या पोरांचीही बोटं दुखून यावीत. पहिल्या दिवशी ह्वांगने विचारलं होतं, "मावशी, तुमच्या भागात संगणक नाहीत का?"

"आहेत की. पण तुमच्या खुर्च्या मऊ आहेत."

मग रिकाम्या ओळी सोडून ती थेट सदतीसच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "बाळा, मला हा खेळ शिकवशील?"

मुलाने खुर्ची मागे सरकवली. ह्वांगला वाटलं, आता हा उठून जाणार. पण त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि म्हणाला, "मावशी, आधी माउस नीट धरा."

तिने त्याचं नाव विचारलं नाही. त्यानेही तिचं विचारलं नाही. त्याच्याकडे ती पुरतं वळून पाहतही नसे. पोर बुजलं तर शिकवणी बुडेल, अशी तिला धास्ती होती.

शिकणं मात्र बेताचंच चाललं होतं. हरणाऱ्याने शेवटी 'जीजी' लिहायचं, म्हणजे छान खेळलात म्हणून निरोप घ्यायचा, ही तिथली रीत. ग्वी-नामने एकदा डाव सुरू होताच ते लिहून टाकलं. समोरचा खेळाडू गोंधळला आणि निघूनच गेला.

"जिंकलात की," मुलगा म्हणाला.

"मग? आधी नमस्कार केलेला कधीही बरा."

सैन्य ती घराबाहेर काढतच नसे. "मरतील ना," म्हणे.

"मरायलाच असतात ती, मावशी."

"कुणाची तरी असतील की."

यावर तो हसला. त्याचं हसू ऐकून ग्वी-नामला इतकं बरं वाटलं की त्या नादात तिचं अख्खं गाव जळालं.

खाणं बाहेरून आणायला तिथे बंदी होती. पण तिच्या डब्यातल्या किंबापचे, म्हणजे शेवाळाच्या पानात वळलेल्या भाताचे, दोन तुकडे ह्वांगच्या तोंडात पडत, म्हणून तो डोळेझाक करी.

"काकडी नाही घातलीत?" ह्वांगने एकदा विचारलं.

"सगळ्यांना नाही आवडत," ती म्हणाली आणि डबा सदतीसकडे सरकवला.

"पण मावशी, या वयात ही हौस कशाला?" ह्वांगने घास गिळत विचारलं.

"मुलासाठी. बापाशी भांडून घर सोडलं त्याने. नंबर बदलला. मग कुणीतरी सांगितलं, हा खेळ खेळत असतो. म्हटलं, खेळातच गाठावं. बोलायला गेलं की पळतो, पण सुरू झालेला डाव टाकून सहसा कुणी पळत नाही."

"आणि बाप काय म्हणतो आता?"

"गेल्या हिवाळ्यात गेले ते. त्याला कळवणार तरी कुठे?"

त्या डावात सदतीस नंबर हरला. ह्वांगने त्याला हरताना कधी पाहिलं नव्हतं. "रोज कुणीतरी पडणारच," ह्वांग म्हणाला आणि ताटल्या उचलून गेला. मुलगा विझलेल्या पडद्याकडे पाहत राहिला. ग्वी-नामने डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

निघताना ती रोज त्या मुलासमोर कमरेत वाकून आभार मानी. ह्वांगला गंमत वाटे, एवढं वाकायला झालंय काय? पण ग्वी-नामचं मन खरोखरच भरून आलेलं असे. खेळाचे, ह्वांगचे, त्या मऊ खुर्च्यांचेसुद्धा आपल्यावर उपकार आहेत, असं तिला वाटे. परतीच्या बसमध्ये ती मांडीवर बोटं आपटत सराव करी.

एका बुधवारी ती म्हणाली, "आज माझ्याशी खेळ."

"हराल."

"हरेन की."

त्या दिवशी तिने पहिल्यांदा सैन्य बाहेर काढलं. सगळं एकदम, रांगेने, त्याच्या दारापर्यंत आणलं आणि तिथे थांबवलं.

"मारा ना, मावशी."

"थांब जरा. एक सांगायचं होतं. उद्या रात्री ह्यांचं वर्षश्राद्ध आहे. मद्याचा पेला मुलाने वाहायचा असतो."

त्याची बोटं कळांवर थांबली. "आणि तो आलाच नाही तर?"

"पुतण्या वाहील. पण ह्यांना ते चढायचं नाही."

तो हसला नाही. त्याच्या पडद्यावरचे कामगार आता नुसतेच उभे होते.

"बापाने जाताना काही म्हटलं होतं का त्याच्याबद्दल?"

"त्याची खोली आवरू नका म्हणाले."

मुलाने माउस बाजूला सारला.

"मावशी, समजा गाठलंत त्याला. काय म्हणाल? रागवाल?"

"काही म्हणणार नाही. शेजारी बसेन."

मुलाने कानावरचे हेडफोन काढले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग पडद्याकडे पाहतच, अगदी हळू विचारलं, "आई, दाराच्या कुलपाचा आकडा अजून तोच आहे का गं?"